एक कोटी एकोणीस

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत गणक होते. दिवसभर हँडल फिरवायच्या यंत्रावर गुणाकार-भागाकार करायचे. तिथला नियम असा की प्रत्येक आकडेमोड दोघांनी वेगवेगळी करायची आणि उत्तरं जुळली तरच ती खरी धरायची. माझं उत्तर जुळलं तरी आमचे मुख्य गणक ते तिसऱ्याकडून तपासून घ्यायचे. फक्त माझंच.

"राखीव जागेवर बसलं म्हणजे बेरीजही राखीव होते का, बाई?" सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणायचे. काटोलच्या आपल्या बागेतली संत्री ते बाकीच्यांच्या हातात देत, माझं मात्र टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवत. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांना एक नाद होता. कोणतीही मोठी संख्या सांगा, ते तिचे अवयव काढून दाखवत. एका दुपारी डबा खाता खाता मी म्हटलं, "साहेब, एक कोटी एकोणीस फोडा. मी फोडली."

ती फुटत नाही. मूळ संख्या आहे. कित्येक सुट्ट्या घालवून मी स्वतः तपासलं होतं. एकतीसशे बासष्टपर्यंतच्या एकेका मूळ संख्येनं भागलं, दर वेळी बाकी उरली. त्यापुढे पाहावं लागत नाही, कारण दोन्ही अवयव त्याहून मोठे असले तर गुणाकारच एक कोटी एकोणीसच्या वर जातो.

महिनाभरानं ते म्हणाले, "बाई, ही मूळ संख्या आहे."

"माझी तर फुटली, साहेब."

"कशानं?"

"सांगितलं तर मजा काय राहिली?"

दुसऱ्या कोणी मला वेड्यात काढलं असतं. पण या माणसाची उभी नोकरी उत्तरं जुळवण्यात गेलेली. जुळत नाही तर पुन्हा करायचं, एवढंच त्यांच्या हाताला माहीत. ते पुन्हा बसले, आणि मग वर्षानुवर्षं मधूनमधून बसतच राहिले. माझ्या खऱ्या बेरजेवर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. थापेवर ठेवला.

निवृत्तीनंतर एकदा कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "पाहून देता का, बाई? मले आता आपल्या भागाकाराचा भरवसाच वाटून नाही राहिला."

मी सगळा गठ्ठा पाहिला. एकही बाकी चुकली नव्हती.

"एका ठिकाणी चुकलंय," मी म्हटलं.

"कुठं?"

"ते तुम्हीच शोधा."

मान खाली घालून त्यांनी कागद गोळा केले, जिन्याचा कठडा धरत उतरले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. मी त्यांच्या घरी गेले नाही.

आता लिहिताना लाज वाटते. पण ती खाली गेलेली मान आठवली की अजूनही थोडं बरं वाटतं, आणि ते कोणाला सांगावं हे मला आजवर सुचलेलं नाही.