आतल्या बाजूची मूठ

फौजेतून मी नाईक म्हणून बाहेर पडलो, पण आमच्या भागात परत आलेला प्रत्येक शिपाई मेजरच असतो. फलटणजवळचा घरचा ऊस भाऊ बघत होते. मी सांगलीत सराफांच्या गल्लीमागे विजेच्या कामाचं आणि बॅटऱ्या चार्ज करण्याचं दुकान टाकलं. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक 'मेजरचं दुकान' म्हणत. मला ते फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं.

बहात्तरच्या दुष्काळाला दोनेक वर्षं उलटली होती. विट्याचा एक गलाईवाला, म्हणजे सोनं शुद्ध करणारा, परमुलखात बरीच वर्षं काढून सांगलीत बस्तान बसवत होता. पुढे त्याची गादी, मागच्या खोलीत भट्टी आणि मध्ये एक दार. त्या दाराला त्याला विजेचं कुलूप हवं होतं. कुठल्याशा मोठ्या शहरात त्यानं ते पाहिलं होतं. शेठ गादीवरून बटण दाबतो आणि पलीकडचं दार उघडतं.

यामागे त्याच्या धंद्याची एक रीत होती. भट्टीवरचा माणूस बाहेर पडताना आधी दगडी कुंडीत कोपरापर्यंत हात धुतो, केस झाडतो, कपडे झटकतो. ते पाणी कोणी फेकत नाही, खोलीचा केरही फेकत नाही. सगळं साठवून पुन्हा गाळायचं, कारण नखात अडकलेला कणसुद्धा सोन्याचा असतो.

"आवं मेजर, मानसं काय चोर न्हाईत," तो म्हणाला, "पर घाईत तशीच भाईर पडत्यात. म्या बगितल्याबिगर, बटन दाबल्याबिगर कुनी भाईर याय नगो."

असलं काम सांगलीत कोणी केल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. मी मुंबईला गेलो. तिथल्या दुकानदारानं दोन कुलपं काउंटरवर ठेवली. दिसायला जुळी भावंडं. कुलपाची जीभ दारात असते आणि ती जिथे अडकते तो तुकडा चौकटीत. बटण दाबलं की वीज त्या तुकड्याला सैल करते, दार ढकललं की उघडतं. फरक एवढाच, की करंट गेल्यावर एक आपोआप मोकळं व्हायचं आणि दुसरं बंदच राहायचं.

"आत माणसं असतात की माल?" दुकानदारानं विचारलं.

मी म्हणालो, "माल."

"मग बंद राहणारं घ्या. पण आतून मूठ ठेवा. मूठ फिरवली की वीज असो-नसो, जीभ मागे येते."

त्याला ते मला सांगायची गरज नव्हती. फौजेत मी बॅटरी चार्जिंगच्या खोलीवर होतो. तिथल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, की दार आतून हातानं उघडलंच पाहिजे. रोज सकाळी ते उघडून बघणं हे माझंच काम होतं.

चौकट सागवानी होती. पटाशीनं खाच पाडायला मला पूर्ण दिवस लागला. काम मात्र असं बसलं, की केसही शिरू नये. दुसऱ्या दिवशी गल्लीतले दोन सराफ बघायला आले. बटण दाबलं की चौकट भुंग्यासारखी गुणगुणायची आणि जाड पत्रा मारलेलं ते दार बोटानं उघडायचं. सराफांनी मला चहा पाजला आणि आमच्याकडे कधी बसवता म्हणून विचारलं.

तेवढ्यात गलाईवाल्यानं आतली मूठ पाहिली.

"ही कशापायी?"

"करंट गेला तर."

"मग माझ्या बटनाचा उपेग काय? मूठ फिरवून कुनीबी भाईर येतंय की! आन् ते किल्लीचं भोकबी बुजवा. किल्ली हाय तितं दुसरी किल्ली हाय."

त्याचं म्हणणं त्याच्या जागी बिनतोड होतं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की मूठ राहणार नसेल तर मी हे काम करत नाही. पण सराफ उभे होते. हातात त्यांचा चहा होता. मी पेचकस काढला, मूठ उतरवली, त्या जागी पितळी पट्टी ठोकली आणि वर फडक्यानं पुसून चकचकीत केली. किल्लीचं भोकही बुजवलं. आजही ती चकाकी आठवली की माझी मलाच शिसारी येते.

भट्टीवर म्हसवडकडचा एक धनगर होता. तिशीचा, अंगानं दणकट. दुष्काळात घरची निम्मी मेंढरं मेली म्हणून तो या कामाला आला होता. त्याचा आवाज असा, की तो भट्टीपाशी हसला तर माझ्या दुकानात ऐकू यावं. मी चिडून म्हणायचो, "अरं, हळू हस की गड्या!" त्यावर तो आणखी जोरात हसायचा.

चैत्रातली दुपार होती. त्यानं सोनं तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, उकळायला ठेवलं होतं आणि करंट गेला. करंट जाण्यात नवल काहीच नव्हतं. पण धूर बाहेर ओढणारा पंखा आणि माझं कुलूप एकदमच गेले. तेजाबाचा तांबूस धूर खोलीत कोंडला. गलाईवाला बटणावर बोट रोवून बसला होता, पण बटण मुकं झालं होतं. लोकांनी दारावर घण घातले. पत्र्याला नुसते पोचे आले.

मला बोलवायला माणूस धावत आला. मी ट्रकची बॅटरी खांद्यावर घेऊन पळालो, बटणामागच्या वायरी उपटल्या आणि बॅटरीला लावल्या. बॅटरीवर गुणगुण झाली नाही, फक्त टक् झालं. दार ढकलताना जड लागलं, कारण तो दारालाच टेकून कोसळला होता. यात पाव तास तरी गेला असेल.

तो वाचला. त्याला दवाखान्यात नेलं, मी उरलेली दुपार गल्लीत बसून काढली आणि लोक माझी पाठ थोपटत राहिले. मेजर होते म्हणून निभावलं! केवढं डोकं चाललं बघा! मी मान हलवत होतो. संध्याकाळी न सांगता जाऊन पितळी पट्टी काढली आणि मूठ बसवली. गलाईवाला गादीवरून बघत होता. त्यानं वही पुढे ओढली, मी पेचकस खिशात घातला. चोर चोर मावसभाऊ.

महिन्याभरानं त्या धनगराचे म्हातारे वडील माझ्या दुकानात आले. घरच्या लोकरीची नवी घोंगडी त्यांनी माझ्या पायाशी ठेवली आणि वाकायला लागले. मी त्यांचे खांदे धरले. त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पोरगं कसं हाय?"

"जीव हाय. आवाज गेला. मेंढरास्नी हाळी द्याया गेला तर नुस्ता वारा निगतोय."

घोंगडी मी ठेवून घेतली. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायची आणि माझा पराक्रम सांगायची. एके दिवशी पाहुण्यांदेखत मी तिच्यावर खेकसलो. पाहुणे गेल्यावर सगळं बोललो. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला कशाला सांगताय? म्हसवडला जाऊन सांगा."

मी गेलो. गावाबाहेर खडकाळ रानात तो मेंढरांमागे होता. आता हाळी वडील देत आणि तो काठीनं वळवायचा. मला पाहून त्याचा चेहरा फुलला. बाभळीखाली बसवून त्यानं पाणी दिलं. त्याचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागत होतं. मी म्हणालो, त्या दाराबद्दल बोलायचं आहे.

"दाराचं मलाच तुमास्नी इचारायचं हुतं," तो म्हणाला. "धूर झाला तवा आमचा म्हातारा वणव्याचं सांगायचा ते ध्यानात आलं, का खाली निजावं, तोंडाला वलं फडकं लावावं. पर म्या निजलो न्हाई. त्या पितळी पट्टीवर ही बोटं फिरवीत उबाच ऱ्हायलो. म्हनलं, मेजरनी मूठ काढली म्हंजी दुसरी काय तरी कळ ठिवलीच आसंल. मिल्ट्रीतलं मानूस. मलाच येड्याला घावंना झालीया." तो थांबला, दम घेतला. "कुटं हुती वो ती कळ?"

मी म्हणालो, "नव्हती."

"म्हंजी?"

"कळ नव्हती. मी काहीच ठेवलं नव्हतं."

त्याला ते ऐकू गेलं नसावं असं वाटून मी पुन्हा सांगितलं. मग तो आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत बसला.