पूजाचा सीलिअ‍ॅक आणि बापाचं हिमोग्लोबिन

"सगळे रिपोर्ट माझ्या एकट्याच्या हातात द्या, बायकोला बोलवू नका," असं राजेंद्रभाऊंनी काउंटरवर सांगून ठेवलं होतं.

मी सुरतमधल्या एका लॅबमध्ये जेनेटिक काउन्सेलर आहे. जीन्सच्या टेस्टचा रिपोर्ट आला की त्याचा अर्थ घरच्यांना समजावून सांगणं, हे माझं काम.

राजेंद्रभाऊ मूळचे धुळ्याकडचे, पांडेसऱ्यातल्या एका कापड मिलमध्ये रंगाई बघणारे डाइंग मास्टर. त्यांच्या नऊ वर्षांच्या पूजाला सीलिअ‍ॅक निघाला होता. या आजारात गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्याला इजा करतं. खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होतं. गहू कायमचा बंद, एवढाच उपाय.

गावी राजेंद्रभाऊंच्या आईनं ठरवून टाकलं होतं, हे सुनेच्या माहेरचं. पूजाची आई सुनीता ते वर्षभर ऐकून घेत होती. डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांची टेस्ट सुचवली तेव्हा राजेंद्रभाऊंना वाटलं, आता ते कागदावरच येईल.

आम्ही डीक्यू-टू आणि डीक्यू-एट या नावाचे जीन्स बघतो. दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅक जवळपास होतच नाही. असले तर होऊ शकतो, इतकंच. कितीतरी लोक हे जीन्स घेऊन जन्मभर पोळी खातात आणि त्यांना काही होत नाही.

रिपोर्ट आला. पूजा आणि तिची धाकटी बहीण, दोघी डीक्यू-टू पॉझिटिव्ह. सुनीता निगेटिव्ह. राजेंद्रभाऊ पॉझिटिव्ह.

आमचे सर म्हणाले, "मेल करी दे ने. फोन करून किती वेळ घालवशील?"

"सर, सुनीताबेनचा रिपोर्ट सुनीताबेनलाच द्यावा लागेल. आणि या माणसाला समोर बसवून सांगायला हवं. अर्धा तास द्या."

"पंधरा मिनिटं," सर म्हणाले.

मी दोघांनाही फोन केला. एकत्र ऐकायला सुनीता लगेच तयार झाली. राजेंद्रभाऊ नाइलाजानं आले. मी कागद समोर ठेवून एकेकाचा रिपोर्ट सांगितला. राजेंद्रभाऊंनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. एरवी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलणारा हा माणूस बायकोकडे वळून हळूच अहिराणीत म्हणाला, "म्हणजे मन्हाकडथून गयं?"

सुनीतानं पदरानं डोळे पुसले.

जीन देणं हा कोणाचा गुन्हा नसतो, हे मी त्यांना सांगितलं. मग नेहमीप्रमाणे त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. ते म्हणाले, काही नाही, थोडा अशक्तपणा. सुनीतानं मध्येच सांगितलं की सहा वर्षं लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी हिमोग्लोबिन आठ-नऊच्या वर जात नाही. पोटही सारखं बिघडतं. गावी महिनाभर राहिलं की बरं वाटतं.

"ते मिलच्या वासामुळे," राजेंद्रभाऊ म्हणाले.

"गावी काय खाता?" मी विचारलं.

"कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची. नाहीतर बाजरीची."

"आणि इथे?"

"पूजामुळे घरात गहू बंद आहे. पण दोन्ही वेळचं कॅन्टीनमध्ये असतं. गव्हाची रोटली."

मी त्यांना म्हटलं, रोटली आत्ताच सोडू नका, आधी अँटिबॉडीची टेस्ट करा. गहू बंद केल्यावर ही टेस्ट केली तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ती टेस्ट चांगलीच पॉझिटिव्ह आली. नंतर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सीलिअ‍ॅक पक्का झाला. धाकटीची अँटिबॉडी निगेटिव्ह होती. ती घराबाहेर पोळी खाते, तिची टेस्ट अधूनमधून करत राहायची.

सात-आठ महिन्यांनी सुनीता पूजाला घेऊन आली. राजेंद्रभाऊ आता भाकरीचा डबा नेतात, हिमोग्लोबिन साडेबारा झालंय. आईला गावी फोन करून त्यांनी स्वतःच सांगितलं. सासूबाईंचं काय म्हणणं, असं मी विचारलं.

"विषय बदलतात," सुनीता म्हणाली.

तेव्हापासून एक सवय लागली. मुलाचं सॅम्पल घेताना मी आईबापांनाही रक्ताचे जुने रिपोर्ट आणायला सांगते. बहुतेकदा त्यात काही निघत नाही. तरी सांगते.