संध्यामठापर्यंत

विमलाबाई मंगळवार पेठेत राहायला आल्या त्याला सात वर्षं होत आली होती, आणि एवढ्या काळात त्यांना घड्याळाची गरज उरली नव्हती. पहाटे तालमीत शड्डू घुमले की अंथरूण सोडायचं. मग गल्लीच्या तोंडाशी नळाला पाणी येई आणि घागरींची खणखण सुरू होई. कोपऱ्यावरच्या भट्टीतून चुरमुऱ्यांचा वास आला की शाळेला निघायचं. संध्याकाळी झुंबरबाईंच्या म्हशींच्या गळ्यातली घंटा वाजली की हातातलं काम ठेवून, पेला घेऊन खाली उतरायचं.

त्या मूळच्या नेसरीच्या. लग्नानंतर चौथ्याच वर्षी नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. थोरल्या भावानं, अण्णांनी, धीर करून त्यांना ट्रेनिंगला घातलं. पुढे कोल्हापुरात मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि अक्काताईंच्या माडीवर एक खोली मिळाली. अक्काताईंचे यजमान धनपाल यांचं भुसारी दुकान होतं. जैनांचं घर, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असत. पहिल्याच आठवड्यात अक्काताईंनी जिन्याखालून हाक मारली होती, "विमल, एकटीसाठी चूल कशाला पेटवतीस? ये खाली, भाकरी गरम हाय." तेव्हापासून उन्हं असतानाच जेवायची सवय विमलाबाईंनाही लागली. जेवणानंतरचा तो लांबलचक उजेड त्यांना फार आवडे. काही करायचं नसलेला, कुणाचा नसलेला असा तो वेळ वाटे.

त्याच वेळेला झुंबरबाई येई. पन्नाशीची, काळीसावळी, रुंद खांद्यांची बाई. दोन म्हशी घेऊन ती पिंपळाच्या पाराशी थांबे आणि तिथंच धार काढी. अख्खी गल्ली पेले, तांबे, चरव्या घेऊन भोवती उभी राही. रिटायर झालेले अप्पा पारावर बसून पेपरातल्या बातम्या सांगत, तालमीतले ज्ञानू वस्ताद त्या खोडून काढत, आणि फेसाळ दुधाच्या मिशा पुसत सगळे हसत. पहिलं वर्षभर विमलाबाई पेला पदराखाली झाकून घरी नेत. मग एकदा झुंबरबाई म्हणाली, "बाई, ऊन हाय तवर प्या की. वर नेऊन काय त्येची पूजा करनार?" त्या दिवसापासून त्या पाराशी उभ्या राहून दूध पिऊ लागल्या.

त्या वर्षी शिमगा झाला आणि सकाळची शाळा सुरू झाली. अकरा वाजता शाळा सुटे. एका दुपारी वर्गातल्या आजारी मुलीच्या घरी पुस्तकं पोचवून विमलाबाई परत निघाल्या होत्या. ते घर रंकाळ्याच्या बाजूला होतं, म्हणून त्या तळ्याच्या काठानं आल्या. ऊन टळटळीत होतं. धुणी धुणाऱ्या बायका निघून गेल्या होत्या. पाण्यावर इतकी चकाकी होती की नीट बघता येत नव्हतं. डोळ्यांवर हात धरून पाहिलं तेव्हा मध्यावर दोन काळी डोकी दिसली, म्हशींची. आणि मागच्या म्हशीच्या मागे तिसरं डोकं.

ती झुंबरबाई होती. म्हशीचं शेपूट एका हातात धरून ती पाण्यावर आडवी पडली होती आणि म्हैस तिला आरामात ओढून नेत होती. मध्येच तिनं शेपूट सोडलं, दोन हात मारले, उताणी झाली आणि नुसती पडून राहिली. एवढी जाडजूड बाई पाण्यावर पिंपळपानासारखी तरंगत होती.

विमलाबाई करंजाच्या सावलीला बसल्या. किती वेळ बसल्या ते त्यांनाच कळलं नाही. घरी आल्या तेव्हा अक्काताई म्हणाल्या, "ऊन लागलं काय गं? डोळे कुठं हायत तुझे?"

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, तिसऱ्या दिवशीही. वह्या तपासायला बरोबर नेत, पण वह्या तशाच राहत. चौथ्या का पाचव्या दिवशी झुंबरबाई लुगडं पिळत काठावर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"रोज येऊन काय बघतासा?"

"काही नाही. बरं वाटतं."

"बघून एवडं बरं वाटतंय, तर उतरून किती वाटंल?"

"मला पोहता येत नाही, झुंबरबाई."

"मला तरी कुनी शिकवलंय? माझ्या आईनं म्हशीमागं सोडली. म्हस बुडत न्हाय, आन् शेपूट धरल्यालं मानूसबी बुडत न्हाय." मग ती म्हणाली, "भ्या वाटतंय व्हय?"

विमलाबाईंनी खरं ते सांगितलं. "पाण्याचं नाही वाटत. लोक काय म्हणतील, त्याचं वाटतं."

"म्हशीला काय ठावं तुमी मास्तरीण हाय ते," झुंबरबाई म्हणाली आणि धारेची वेळ झाली म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी विमलाबाईंच्या पिशवीत वह्यांखाली एक जुनं लुगडं होतं.

पहिले आठ दिवस त्या गुडघाभर पाण्यापुढे गेल्या नाहीत. मग कमरेपर्यंत गेल्या. झुंबरबाईंची थोरली म्हैस, रतनी, स्वभावानं थंड होती. एका दुपारी झुंबरबाईंनी तिचं शेपूट विमलाबाईंच्या मुठीत दिलं, "घट धरा, पाय मारा, तोंड मिटा" एवढंच सांगितलं आणि म्हशीला हाक दिली. पायाखालचा गाळ सुटला. घोटाभोवती गार पाणी सरसरलं, कासोटा फुगला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि मग एकाएकी सगळं हलकं झालं. स्वतःच्या अंगाचं वजन आपण इतकी वर्षं वाहत होतो हे त्यांना त्या क्षणी कळलं, कारण ते वजन तिथं नव्हतं. कानांत पाणी भरलं होतं, त्यामुळे गावाचा आवाज येत नव्हता. रतनीचा फुर्रफुर्र श्वास तेवढा ऐकू येत होता.

महिन्याभरात शेपूट सुटलं. कमरेला वाळका भोपळा बांधून त्या हात मारायला शिकल्या, आणि पुढे भोपळाही सुटला. त्या दिवसांत त्या शाळेतही काहीशा पाण्यात असल्यासारख्या असत. मुली कविता म्हणत, आणि बाई खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्याकडे बघत उभ्या.

गोष्ट लपणार थोडीच होती? माडीच्या दोरीवर रोज दुपारी एक जादा लुगडं वाळत पडे आणि त्याला शेवाळाचा वास येई. अक्काताईंनी एक दिवस विचारलंच. विमलाबाईंनी सगळं सांगून टाकलं. अक्काताईंनी तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवलं.

"आम्ही गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालत न्हाई," त्या म्हणाल्या, "आणि तू अख्खं तळं अंगावर घेतीस." एवढं बोलून त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. राग आला की नाही, ते समजलं नाही.

त्याच आठवड्यात शाळेत मुख्याध्यापिका श्यामलाबाईंनी बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर एक चिठ्ठी होती. खाली सही नव्हती. शिक्षिका म्हणवणारी विधवा बाई भरदुपारी म्हशींबरोबर तळ्यात डुंबते, तिच्या हाती मुली कशा सोपवायच्या, असा मजकूर होता.

"निनावी आहे, मी ती फाडून टाकणार आहे," श्यामलाबाई म्हणाल्या. "पण कानावर घालणं माझं काम होतं. तुम्ही एकट्या असता तिथं. ते लोकांच्या डोळ्यावर येतं. बघा काय ते."

विमलाबाईंनी मान हलवली आणि त्या दिवसापासून रंकाळ्याकडे जाणं बंद केलं. कुणाशी त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी खिडकी लावून पडत. डोळे मिटले की पाठीखाली पाणी हलल्यासारखं वाटे आणि त्या दचकून उठून बसत. दूध प्यायलाही त्या खाली गेल्या नाहीत. पेला अक्काताईंबरोबर पाठवून देत.

नवव्या संध्याकाळी अक्काताईंनी पेला हातात घ्यायला नकार दिला. "माझा पाय दुखतोय. तूच जा," म्हणाल्या. विमलाबाई उतरल्या तेव्हा अक्काताई मागोमाग आल्याच.

झुंबरबाईंनी धार काढता काढता मान वर केली. "काय बाई, आजारी हाय व्हय? रतनी रोज मागं वळून बघतीया."

सगळ्यांनी ऐकलं. अप्पांचा पेपर खाली आला. विमलाबाईंचे कान तापले, पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शाळेत चिठ्ठी आली, झुंबरबाई. एकटी बाई पाण्यात उतरते म्हणून."

चरवीत धार पडत होती. ज्ञानू वस्तादांनी घसा खाकरला. मग अक्काताई पुढे झाल्या.

"एकटी हाय म्हणून नड हाय ना? मग मी जाईन की संगती. छत्री घेऊन काठावर बसीन. कोण काय विचारतंय ते मला येऊन विचारू दे."

अप्पा म्हणाले, "आता प्रश्नच मिटला." आणि पुन्हा पेपर उघडला. अक्काताईंना जाब विचारायला जाईल असं माणूस पेठेत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी करंजाच्या सावलीला छत्री उघडली गेली. रिकामं बसणं अक्काताईंना जमणारं नव्हतं, म्हणून त्यांनी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या बरोबर आणल्या आणि देठं काढायला घेतली. शेजारच्या धोंडुबाईंना हे कळलं तशा त्याही आपल्या मिरच्या घेऊन आल्या. घरात मिरच्यांचा खाट उठून ठसका लागतो, उघड्यावर बरं, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी चिमणाबाई शेवयांचा पाट घेऊन हजर. आठवड्याभरात सावलीत आठ-दहा बायका जमू लागल्या. कुणी शेंगा फोडी, कुणी गोधडीला टाके घाली. शिरोळहून अक्काताईंचा भाऊ बाबासो काकवीची घागर ठेवून गेला होता. एका दुपारी ती काठावर आली आणि सगळ्यांनी भाकरीशी काकवी खाल्ली. पाण्यात मात्र एकट्या विमलाबाईच उतरत. बायकांनी त्यांच्याकडे बघत राहावं असंही काही राहिलं नव्हतं. सुनांच्या, सासवांच्या गोष्टी चालत. मध्येच कुणी मान वर करून म्हणे, "आज लांब गेली गं विमल," आणि पुन्हा मिरचीकडे वळे.

विमलाबाईंना पाण्यातून ते सगळं ऐकू येई. शब्द कळत नसत, नुसता गुंजारव येई. काठावर लाल मिरच्यांचा ढीग, रंगीत लुगडी, बांगड्यांचा आवाज. आपल्यासाठी आलेली ही माणसं आपल्याला विसरून हसताहेत, यात त्यांना फार मोठं सुख वाटे.

मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, एका दुपारी त्या ठरवलं नसताना हात मारत राहिल्या. त्या वर्षी तळ्याला पाणी बरं होतं. समोर तळ्यातल्या जुन्या मंडपाचे, संध्यामठाचे, दगडी खांब पाण्यात उभे होते, आणि त्यांची पडछाया जवळ जवळ येत होती. झुंबरबाई बाजूनं रतनीला घेऊन चालली होती. शेवटी विमलाबाईंच्या बोटांना गुळगुळीत पायरी लागली.

त्या वर चढून खांबाला टेकून बसल्या. दगड उन्हानं तापला होता आणि ओल्या अंगाला ती ऊब गोड लागत होती. छतावर पाण्याची जाळी थरथरत होती, उजेडाची. एक खंड्या पक्षी शेजारच्या खांबावर बसला होता, तो उडाला नाही. पलीकडे गाव पडलं होतं, झाडांत, कौलांत, झोपेत. अंबाबाईच्या देवळाचं शिखर ओळखू आलं. त्याच्या डावीकडे की उजवीकडे आपली पेठ, हे त्यांना पटकन सांगता येईना. इथून सगळंच एक दिसत होतं. दहा वर्षांपूर्वीचा नवऱ्याचा चेहरा त्यांना आठवून बघावासा वाटला. तो आठवला, नीट आठवला, आणि त्रास झाला नाही.

"निगायचं न्हवं?" खालून झुंबरबाईंनी विचारलं.

"थोडं थांबू या," विमलाबाई म्हणाल्या.

"बसा की. धारेला येळ हाय अजून."

पुढच्या उन्हाळ्यात श्यामलाबाईंनी त्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी टेबलावर चिठ्ठी नव्हती. सातवीतल्या चार मुली दाराशी उभ्या होत्या. त्यातली दोन वेण्यांची विजयमाला अक्काताईंची पुतणी. "यांच्या घरून निरोप आलाय," श्यामलाबाई म्हणाल्या. "बाई शिकवणार असतील तर पाठवतो म्हणतात. शाळेचा काही संबंध नाही हं, सुट्टीतलं आहे."

विमलाबाईंनी मुलींना जुनी लुगडी आणायला सांगितलं आणि वाळके भोपळे कुठं मिळतात ते विचारायला त्या तशाच झुंबरबाईंच्या गोठ्याकडे निघाल्या. वाटेत भट्टीवर चुरमुरे भाजले जात होते. त्यांनी ओंजळभर घेतले आणि रस्त्यातून खात खात चालू लागल्या.