समुद्राला दिवा पाहिजे

पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात असं कुणी सांगितलं तर आपण मान डोलावतो आणि विसरून जातो. शेडबाईंना मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सोळाच्या सोळा ओळखता यायच्या. गेली एकतीस वर्षं त्या दातांच्या लॅबमध्ये कॅप बनवत होत्या. डॉक्टर तुटक्या दाताचं माप पाठवायचे आणि शेडबाई बारीक कुंचल्याने भुकटीचे थर चढवून, भट्टीत भाजून, घासून, चकाकी देऊन त्यावर बसवायचा दात तयार करायच्या. त्यांचं म्हणणं एवढंच असे, की शेजारच्या दातालासुद्धा पत्ता लागता कामा नये. रंग जुळवायला माणूस लॅबमध्ये आला, की त्या त्याला हनुवटीला धरून सरळ खिडकीपाशी न्यायच्या. ट्यूबलाइट खोटं बोलते, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. दाताची शेड चुकली असं त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं, म्हणून लॅबमध्ये त्या सगळ्यांच्या शेडबाई झाल्या. पुढे घरचेही त्यांना चेष्टेने तेच म्हणू लागले.

त्यांचे यजमान लिफ्टचे मेकॅनिक. एकेक नट तीनदा तपासल्याशिवाय पाना खाली ठेवायचा नाही, असा स्वभाव. त्यांनी दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये कधी कुणी अडकलं नाही, पण घरात एखादी गोष्ट ठरवायची म्हटलं की हे स्वतः दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचे. गुडघ्यांनी संप पुकारला, काम सुटलं, आणि आयुष्यभर अंधाऱ्या लिफ्टच्या बोळात मान वर करून उभ्या राहिलेल्या या माणसाने घरात समुद्र आणायचं मनावर घेतलं. गोड्या पाण्यातले मासे नकोत, खारं पाणी हवं, आणि त्यात जिवंत प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ते दगडाला चिकटून बसलेले बारीक जीव असतात, हे त्यांनी बायकोला इतक्या वेळा सांगितलं की ती भाजी चिरता चिरताही पाठ म्हणून दाखवायची.

टाकी आली, मीठ आलं, दगड आले, पाणी फिरवणारा पंप आला. दिवा तेवढा येईना. प्रवाळांना विशिष्ट उजेड लागतो, तो नसेल तर ते मरतात, म्हणून दिवा निवडल्याशिवाय ते आणता येत नव्हते. आणि हे महाशय दिवा निवडत नव्हते. एक मित्र म्हणायचा पांढरा घे, दुसरा म्हणायचा निळा घे. कोण ट्यूबच्या बाजूचा, कोण एलईडीच्या. वहीत पानंच्या पानं भरली. चार महिने हॉलच्या कोपऱ्यात ती काळ्या पाण्याची काचपेटी गुडगुड करत उभी राहिली. घरी आलेल्या एका पाहुणीने तर विचारलं, की यात कपडे भिजत घातलेत का.

त्या शनिवारी शेडबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे जाहीर केलं, "उद्या दिवा घरी येणार. नाहीतर परवापासून मी यात खरंच चादरी भिजत घालेन."

दुकान लांबट आणि अरुंद होतं. फरशी ओली, भिंतीला लागून टाक्या, आणि बाह्या कोपरापर्यंत भिजलेला एक किडकिडीत दुकानदार. समुद्री टाक्या तीन होत्या आणि तिन्हींवर तीन तऱ्हांचे दिवे. पहिल्यावर लख्ख पांढरा, ऑपरेशनच्या खोलीत असतो तसा. दुसऱ्यावर पांढऱ्या नि निळ्या ट्यूब. तिसऱ्यावर निळा-जांभळा एलईडी, ज्याचा प्रत्येक रंग मोबाइलवरून कमी-जास्त करता यायचा. यजमानांनी वही उघडली आणि पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न विचारला. दुकानदाराचा चेहरा बघून शेडबाईंना वाटलं, हा यांना पूर्वीही भेटलेला आहे.

त्याने बिचाऱ्याने समजावून सांगितलं. प्रवाळाच्या अंगात शेवाळासारखी सूक्ष्म वनस्पती वस्तीला असते. ती उजेडावर स्वयंपाक करते आणि घरमालकाला जेवू घालते. समुद्रात खोलवर निळा उजेडच जास्त पोचतो, म्हणून या लोकांना त्याचीच सवय. पांढऱ्यात वाईट काही नाही, पण त्यात आपल्याला मजा दिसत नाही.

हे शेडबाईंना एका दमात पटलं. भाडेकरू स्वयंपाक करतो आणि मालक जेवतो, यात न कळण्यासारखं काय आहे. पण 'मजा दिसत नाही' म्हणजे काय, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यांनी पर्स उघडली आणि दातांची माळ बाहेर काढली.

खरं तर ती छटांची पट्टी. सोळा दात ओळीने लावलेले, लॅबमध्ये रंग जुळवायला वापरतात ती. पण दुकानदाराला ते कुठून ठाऊक असणार. पिशवीत सोनेरी मासा घेऊन उभ्या असलेल्या एका बाई दोन पावलं मागे सरकल्या. शेडबाईंनी इकडेतिकडे न बघता पट्टी पहिल्या दिव्याखाली धरली. सोळाच्या सोळा छटा वेगळ्या दिसल्या. दुसऱ्याखाली अकरा-बारा ओळखू आल्या. तिसऱ्याखाली सगळे दात सरसकट निळे.

"म्हणजे पहिला खरं बोलतो," त्या म्हणाल्या.

"बोलतो," दुकानदार म्हणाला, "पण बघा ना त्याच्याखाली काय दिसतंय."

काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तपकिरी गोळे, ओल्या कापसासारखे. तिसऱ्या टाकीत काहीतरी असावं, पण निळाईने डोळे भरून जात होते. तेव्हा शेडबाईंच्या डोक्यात लख्खकन एक गोष्ट आली. लॅबमध्ये दाताचा मऊ मसाला कडक करायला निळा झोत मारतात, आणि तो मारताना डोळ्यांवर नारिंगी चष्मा लावतात, निळा उजेड अडवणारा. लॅबमधले चष्मे पाय फुटल्यासारखे नाहीसे होत, म्हणून शेडबाई आपला पर्समध्येच ठेवायच्या. त्यांनी तो काढला, फुंकर मारून पुसला, लावला आणि तिसऱ्या टाकीत पाहिलं.

आणि त्या हसायलाच लागल्या. विनोद झाल्यावर हसतो तसं नव्हे. झोका फार उंच गेला की पोटातून जे येतं ना, तसं हसू. निळाई पुसली गेली होती आणि तिच्यामागून पोपटी झुंबरं, शेंदरी बटणं, लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या किनारी आपापल्या उजेडाने पेटून उठल्या होत्या. ज्या छटांची पट्टी अजून कुणी बनवलेलीच नाही, अशा छटा. बाईंनी हसता हसता नवऱ्याचा हात धरला, चष्मा काढला आणि त्यांच्या नाकावर चढवला. ते आ वासून उभे राहिले. मग दुकानदाराने मागून घेतला. दहा वर्षं धंदा करत होता, पण समोरच्या टाकीला चष्मा लावून पाहायचं त्याला सुचलं नव्हतं. सोनेरी माशावाल्या बाईही पुढे आल्या. एकच चष्मा आणि चार माणसं, "बघू, बघू, आता मला" असं करत एका टाकीला चिकटून उभी. दाराशी आलेलं एक गिऱ्हाईक ते बघून परत गेलं, त्याचीही कुणाला पर्वा नव्हती.

त्या भरात यजमानांनी सर्वांत मोठ्या जांभळ्या दिव्याकडे बोट दाखवलं. इथे शेडबाई भानावर आल्या. त्या म्हणाल्या, एक मोठा दिवा नको, दोन लहान घ्या. एकाच दिव्याखाली काम केलं की आपल्याच हाताची सावली नेमकी कामावर पडते. प्रवाळाला फांद्या आहेत, वरच्या फांदीने खालचीचं जेवण का अडवावं? दुकानदाराने उजेड मोजायचं यंत्र पाण्यात सोडून पाहिलं. मोठ्या दिव्याखाली मध्यभागी नको इतका उजेड आणि कडांना अंधार. दोन लहान दिव्यांखाली सगळीकडे बेताचा.

"बाई, तुम्ही आधी का नाही आलात?" तो म्हणाला, आणि वहीकडे अशा नजरेने पाहिलं की शेडबाईंना खोकल्याचं निमित्त करावं लागलं. यजमानांनी चार महिन्यांचा निर्णय एका मिनिटात घेतला, कारण तोवर चष्मा पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर आला होता.

दिवे बसवायला पूर्ण दिवस गेला. लिफ्टवाल्या माणसाने ते टांगले म्हणजे केसभरही तिरके नव्हते. नंतर छोटे तीन प्रवाळ आले. पहिल्याच दिवशी पूर्ण उजेड सोडायला शेडबाईंनी साफ नकार दिला. भट्टी एकदम तापवली तर दात तडकतो, मग हे तर जिवंत आहेत. दर चार दिवसांनी थोडा थोडा वाढवत त्यांनी महिना काढला, आणि महिन्याभरात ते तपकिरी गोळे असे फुलले की नवरा-बायको जेवणाची ताटं घेऊन टाकीसमोर बसू लागले. आता हे वैभव कुणाला तरी दाखवायलाच हवं होतं. एका रविवारी दुपारी त्यांनी ताईंना आणि भाऊजींना, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला, चहाला बोलावलं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. तीस वर्षांपूर्वी, लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना, ताईंनी बाटलीचं झाकण दातांनी उघडायला जाऊन पुढचा दात तोडून घेतला होता. डॉक्टरांकडून धाकटा भाऊ त्यांना लॅबमध्ये घेऊन आला. तिथे एक नवी मुलगी होती, तिला प्रथमच एकटीने काम मिळालं. ती ताईंना हनुवटीला धरून खिडकीपाशी घेऊन गेली आणि भावाला पडदा धरून उभं राहायला सांगितलं. तो पुढे आणखी तीन वेळा विनाकारण पडदा धरायला आला, आणि वर्षभराने त्या मुलीचं लग्न त्याच्याशीच झालं. दात मात्र गुपित राहिला. नवऱ्याला सांगायचं नाही, अशी ताईंनी दोघांना शपथ घातली होती.

तर त्या रविवारी खिडक्यांचे पडदे ओढले. यजमानांनी मोबाइल हातात घेऊन जांभळा रंग हळूहळू चढवला. भाऊजी नाक काचेला लावून बसले. ताई कौतुकाने हसल्या, आणि शेडबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. जांभळ्या उजेडात ताईंचे सगळे दात चांदण्यासारखे चमकत होते, आणि बरोबर मधोमध एक काळीकुट्ट खिडकी.

शेडबाईंना क्षणात उमगलं. खरा दात जांभळ्या उजेडात चमकतो. आजकालच्या भुकटीत तशी चमक घातलेली असते. तीस वर्षांपूर्वीच्या भुकटीत नव्हती. त्यांनी नवऱ्याच्या हातून मोबाइल काढून घेतला आणि जांभळा उतरवला.

"अगं, कमी का केलास?"

"डोळ्यांना लागतो."

यजमानांनी मोबाइल परत घेऊन चढवला. ताई पुन्हा हसल्या. शेडबाईंनी नवऱ्याची नजर चुकवून पुन्हा उतरवला. तिसऱ्या खेपेला जांभळा चढवून यजमान म्हणाले, दिवा बिघडलेला दिसतोय, दुकानदाराला फोन करतो. तेवढ्यात ताईंना काचेत आपलं प्रतिबिंब दिसलं. पोपटी प्रवाळाच्या मागून पुढचा दात नसलेली एक म्हातारी त्यांच्याकडे बघून हसत होती. त्या दचकल्या, तोंडावर हात गेला, जिभेने दात चाचपला, तर तो जागच्या जागी. त्यांनी शेडबाईंकडे पाहिलं. शेडबाईंनी छताकडे. आणि मग दोघींचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. दाबलेलं हसू आणि दाबलेली शिंक शेवटी जिंकतेच. ताईंचा हात सुटला आणि त्या भाऊजींच्या तोंडासमोर खदाखदा हसल्या.

भाऊजींचा चेहरा पडला. "अगं, तुझा दात पडला," ते म्हणाले, आणि गुडघ्यांवर बसून सतरंजीवर दात शोधू लागले.

मदत म्हणून यजमानांनी हॉलचा दिवा लावला. भाऊजींनी वर पाहिलं, तर दात हजर. दिवा बंद केला, दात गायब. लावला, हजर. भाऊजी सतरंजीवर बसकण मारून या चमत्काराकडे बघत राहिले. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शेडबाई दाराच्या चौकटीला धरून कशाबशा उभ्या होत्या. शेवटी ताईंनीच पदराने डोळे पुसत, हसत, अडखळत तीस वर्षांचं गुपित सांगून टाकलं. बाटलीच्या झाकणासकट.

भाऊजी सतरंजीवरून उठले. मग त्यांनी बायकोला दिव्याखाली बसवून तो दात जवळून पाहिला आणि शेडबाईंना विचारलं, "हा तुम्ही केलात?"

"माझा पहिलाच," शेडबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत आपल्या कामाचा निकाल ऐकायला त्या कधी एवढ्या घाबरल्या नव्हत्या.

"लग्नानंतर ही पहिल्यांदा हसली ना," भाऊजी म्हणाले, "तेव्हा सगळ्यांत आधी मला हाच दात आवडला होता."

"म्हणजे बाकीचे नाही आवडले?" ताईंनी विचारलं, आणि मग चौघंही अशी हसत सुटली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावून गेलं. चहाचं सगळे विसरले.

चमक असलेला नवा दात करून देते, असं शेडबाईंनी ताईंना त्याच आठवड्यात सांगितलं. मापही घेते म्हणाल्या. ताईंनी ऐकून घेतलं नाही. आता कुठे या दाताचा उपयोग कळलाय, म्हणाल्या. एका प्रवाळाने तिसऱ्या महिन्यात तांदळाच्या दाण्याएवढी नवी फांदी काढली. यजमानांनी नारिंगी चष्मा लावून ती पट्टीने मोजली आणि वहीत लिहून ठेवली. दोन दिवे, थोडा पांढरा, बराच निळा आणि संध्याकाळी पाच ते सहा जांभळा, असं वेळापत्रक कायम झालं. ताई आता येण्याआधी फोन करतात, ख्यालीखुशाली विचारत नाहीत, पहिला प्रश्न एवढाच, "जांभळा पाचलाच ना?" आणि बरोबर पाचला, काहीच कल्पना नसलेली एखादी शेजारीण सोबत घेऊन, ओठ घट्ट मिटून दारात उभ्या राहतात.