तुंगाक्का आणि लक्झेंबर्गची तीन मिनिटं

१२ मार्च १९६८, मंगळवार. संध्याकाळी टेलिफोनच्या टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. ह्यांची बदली पुण्याला झाली होती आणि परवा फोन काढून न्यायला माणूस येणार होता. खणातून टाचण्या निघाल्या, शाईची वाळलेली बाटली निघाली, ह्यांच्या जुन्या चष्म्याची एक काडी निघाली. तळाशी माझ्याच अक्षरातले दोन कागद होते. टेबलावर सीनूचं पत्र तीन आठवडे उत्तराविना पडलेलं होतं. कागद उलगडले आणि खण तसाच अर्धा उघडा राहिला.

सीनूची आई म्हणजे आमच्या शेजारच्या तुंगाक्का. त्या जानेवारीत गेल्या.

बंगळूरच्या जयनगरात आम्ही राहायला आलो त्याच दिवशी त्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बुटक्या, रुंद, नऊवारी नेसलेल्या, हातात सांबाराचं झाकलेलं पातेलं. उंबऱ्याबाहेर पातेलं ठेवलं, चार पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "घ्या की हो. मी मडीत आहे, मला शिवू नका." मडी म्हणजे सोवळं, हे मला तेव्हा कळलं. सकाळच्या अंघोळीपासून दुपारचा नैवेद्य होईपर्यंत त्या मडीत असत आणि तेवढ्या वेळात आमच्या घरातल्या कशालाही हात लावत नसत. बोलायला मात्र त्यांना कसलीच आडकाठी नव्हती.

मी पुण्याची आहे कळल्यावर त्यांना मौज वाटली. "आमचे लोक शहाजीराजांबरोबर इकडे आले," त्या म्हणाल्या, "आणि परत जायचं विसरले. आता तुम्ही न्यायला आलात काय?" त्यांचं मराठी तीनशे वर्षं कन्नडच्या शेजारी राहिलेलं होतं. त्या स्वतःबद्दल पुरुषासारखं "मी येतो, मी करतो" म्हणत. "बरं"ला "सरी" आणि "जरा"ला "स्वल्प" तर वाक्यावाक्यात. मी सुरुवातीला एकदोनदा सुधारून पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. "सरी बाई. तुमचं नीट आहे, आमचं चालतं आहे," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा "येतो" म्हणून निघून गेल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीनिवास, म्हणजे सीनू, पोलादाच्या कारखान्यात शिकायला दोन वर्षांसाठी लक्झेंबर्गला गेला होता. हा देश कुठे आहे ते ह्यांनी अक्कांना नकाशात दाखवलं. नखाने झाकला जाईल एवढा तो. आपल्या बंगळूर जिल्ह्यापेक्षाही लहान, असं सांगितल्यावर अक्कांचा जीव भांड्यात पडला. "इष्टेच, एवढंच? मग सोपं आहे की. आमच्या गावी होसकोट्यात कसं, वेशीवर कोणालाही विचारा, घर दाखवतो. तिथेही सीनू कुठे म्हटलं की सांगतील."

दोन वर्षांनी सीनू आला नाही. त्याने तिथल्या मुलीशी लग्न केलं. नारायणराव, म्हणजे अक्कांचे यजमान, त्या दिवसापासून मुलाचं नाव घेईनासे झाले. घरातली पत्रं तेच लिहीत, कारण अक्कांना कन्नडमध्ये सहीपुरतीच अक्षरं येत होती. पत्रं बंद झाली. मग एक दिवस सीनूने आमच्या पत्त्यावर चार ओळी पाठवल्या: तुमच्याकडे फोन आहे, माझा नंबर खाली देतो आहे, अम्माशी एकदा बोलणं होईल का?

अक्कांना पत्र लिहून द्यायला मी तयार नव्हते. नवराबायकोच्या भांडणात पडायचं नाही, हा माझा नियम. फोन वापरू देणं हा शेजारधर्म आणि पत्र लिहून देणं हा कट, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आता तो फरक मला सांगता येणार नाही.

परदेशी फोन करणं तेव्हा एक दिवसाचं काम होतं. आधी बुकिंग करायचं. मग आपल्या एक्स्चेंजने मुंबई गाठायची, मुंबईने रेडिओवरून लंडन, लंडनने लक्झेंबर्ग. सगळ्यांच्या सोयीने रविवारी दुपारी बाराच्या सुमाराची वेळ मिळे. आमच्या एक्स्चेंजमधली मुलगी पहिल्यांदा म्हणाली, "मॅडम, लंडनलाच बोला ना, तिथे लाइन लगेच लागते." मी तिला स्पेलिंग सांगितलं. या कामात मी वाकबगार होते. ह्यांच्या कारखान्याचे निरोप मी वर्षानुवर्षं फोनवर घेतले होते, आणि तीन मिनिटांचं बोलणं पावणेतीन मिनिटांत संपवण्याचा मला अभिमान होता.

पहिल्या रविवारी अक्का मडीतच आल्या. ओलसर लुगडं, हात पदराखाली घट्ट धरलेले. फोनपासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. "तुम्हीच बोला. मी सांगतो, तुम्ही त्याला सांगा." तसंच झालं. रेडिओच्या लाइनीत आवाज समुद्रासारखा वर-खाली होत होता. मी ओरडून सांगत होते, सीनू ओरडून विचारत होता. अक्का माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, जणू तो माझ्या दातांमागे बसला होता. शेवटी म्हणाल्या, "घसा बसलाय त्याचा." त्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाल्या, "तुम्ही दोनदा 'काय' म्हणालात. त्याचा घसा बसला की मीही दोनदा म्हणतो."

त्या पहिल्या वेळी बराच वेळ वाया गेला, असं माझं मत झालं. म्हणून दुसऱ्या वेळी मी पद्धत घातली. आदल्या दिवशी अक्कांना समोर बसवलं, मुद्दे सांगायला लावले आणि कागदावर लिहून घेतले. दोन कागद भरले. मग पेन्सिल घेऊन बिनकामाचे खोडायला बसले.

"'रात्री पायमोजे घालून निजतोस का?' हे नको. मोठा माणूस आहे तो."

"सरी."

"'ती तूप खाते का?' हेही नको."

"विचारा की हो. खात नसेल तर काय घालतो तिला तो?"

"तीन मिनिटं आहेत, अक्का. 'तिचं नाव काय, मला म्हणायला शिकव.' हे फोनवर शक्य नाही."

"लहान नाव असेल तर?"

मी खोडलं. शेवटची ओळ होती, सीनू, मी रागावलो नाही. तिथे मी जरा थांबले. मग म्हटलं, "हा नाजूक विषय. नारायणरावांना काय वाटेल? शिवाय मधे चार ऑपरेटर ऐकत असतात."

"ऐकू देत की. त्यांनाही आया असतील," अक्का म्हणाल्या.

मी तीही ओळ खोडली. राहिलं ते असं: तब्येत बरी आहे. लोणच्याचा डबा बोटीने पाठवला आहे. गुडघ्याला आता आराम आहे. काळजी नसावी.

रविवारी बाराला अक्का आल्या त्या साध्या पिवळ्या सुती लुगड्यात. चुरगळलेलं, कालचंच. कपाळावर सकाळचं ताजं कुंकू नव्हतं. म्हणजे अंघोळ झाली नव्हती, मडीही नव्हती. भर बारा वाजता मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. आमच्या मोरीत जाऊन त्यांनी साबणाने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा पुसले आणि थेट टेबलाला खेटून उभ्या राहिल्या. आमच्या टेबलाला त्यांचा हात लागला तो त्या वेळी, पहिल्यांदा.

लाइन लागली. मी कागद समोर धरून मुद्दे सांगितले. लाइन त्या दिवशी स्वच्छ होती. सीनू म्हणाला, "अम्मा आहे का तिथे?"

"आहेत. माझ्या शेजारीच उभ्या आहेत."

"तिला द्या ना, बाई. एक मिनिट."

अक्कांनी हात पुढे केला. त्याचं बोलणं त्यांना ऐकू आलं की माझ्या चेहऱ्यावरून कळलं, देव जाणे. तळहात वर, बोटं उघडी, प्रसाद घ्यायला करतात तसा. मी तो हात पाहिला. पुढे वर्षभर मी स्वतःला सांगत राहिले की मला वाटलं, त्यांना कागद हवा आहे. कारण मी त्यांच्या हातात कागद दिला. आणि फोनमध्ये म्हणाले, "त्या फोनला हात लावत नाहीत. तुला माहीत आहे ना."

खोटं लिहून काय उपयोग? मला कळलं होतं. मिनिट दीड मिनिट उरलं होतं, अक्का रडतील, ओरडतील, ते मराठी-कन्नड सगळं एकत्र होईल, वेळ संपेल आणि काहीच धड होणार नाही, असं माझ्या मनात आलं. मी काम नीट उरकत होते. पावणेतीन मिनिटांत उरकलंही.

अक्कांनी हात मागे घेतला आणि पदराखाली घातला. कागद टेबलावर ठेवला. "सरी," म्हणाल्या. "काम झालं की. येतो."

दाराशी मी विचारलं, "आज जेवणं उशिरा का?"

"परत न्हाणं, परत मडी, मग स्वयंपाक. तीन वाजतील. माझं डोकं दुखतंय म्हणून ह्यांना सांगितलंय."

त्या पुढेही येत राहिल्या. सांबाराची पूड आणली, मला खोकला लागला तेव्हा रोज काढा आणला, उंबऱ्याबाहेर ठेवून चार पावलं मागे सरत राहिल्या. त्या रविवारबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. पुढच्या वेळी त्यांच्या हातात फोन द्यायचा, असं ठरवून मी विषय मिटवला. पुढची वेळ आपल्या खिशात आहे असं धरून चालणाऱ्यांपैकी मी एक.

त्या वेळी फोन इतक्या सहज करता येत नव्हते. पुढची वेळ यायला वर्ष गेलं. डिसेंबरअखेर अक्कांना ताप भरला तो उतरेना. मी बघायला गेले. नारायणराव बाहेरच्या खोलीत होते. अक्का हळूच म्हणाल्या, "लाइन लागली तर हाक मारा. मी चालत येतो." मी रविवारचं बुकिंग केलं. त्या रविवारी मुंबईकडून निरोप आला की आज रेडिओला हवामान ठीक नाही, लाइन लागणार नाही. पुढच्या रविवारचं बुकिंग ठेवलं. गुरुवारी पहाटे अक्का गेल्या.

शुक्रवारी मी एक्स्चेंजला फोन करून बुकिंग रद्द केलं. फोन लागला तर बोलणार कोण, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता. सीनूला नारायणरावांच्या भावाने तार केली. ती पोचली तोवर इथलं सगळं आटोपलं होतं.

आणि मग त्याचं हे पत्र. ह्यांना नाही, मला. आभार मानून झाल्यावर शेवटी एकच गोष्ट विचारली होती: अम्माने दोन्ही वेळा फोन हातात घेतला नाही. सोवळ्याचं मला माहीत आहे, पण मी खूप विचार केला. ती माझ्यावर रागावूनच गेली का? तुम्ही शेजारी होतात. खरं काय ते सांगा.

पत्र लिहिणं मला कधी जड गेलेलं नाही. या पत्राला मी तीनदा बसले. "तसं काही नव्हतं, त्यांचा तुझ्यावर फार जीव होता" असं लिहिलं आणि फाडलं. कोणीही कोणालाही लिहील असं ते होतं. अक्कांचा शब्द त्यात एकही नव्हता. अक्कांचे शब्द मी खोडले होते आणि विसरूनही गेले होते.

ते त्या मंगळवारी खणात सापडले. पेन्सिलीची रेघ फिकट झाली होती. खालची शाई स्वच्छ वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी एक्स्चेंजला फोन लावला आणि लक्झेंबर्गचं बुकिंग मागितलं. मुलगी म्हणाली, रविवारीच मिळेल. मी म्हटलं, उद्या फोन काढून नेणार आहेत, आजच हवा. तिने आवाज ओळखला असावा. "थांबा मॅडम, स्वल्प बघते." साडेअकराला घंटा वाजली. आधी एका बाईचा आवाज आला, मग सीनूचा.

मी आधी सांगायचं ते सांगून टाकलं. "सीनू, दुसऱ्या वेळी तुझी आई अंघोळ न करता आली होती. फोन हातात घ्यायला. तिने हात पुढे केला होता. मी दिला नाही. तू मागितलास तरी दिला नाही. ती चूक माझी."

मी कागद उजेडाकडे धरला.

"तिने सांगायला दिलेलं मी खोडलं होतं. कागद सापडलाय. वाचते." आणि मी शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली, एकही शब्द न सुधारता, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "सीनू, मी रागावलो नाही."

 या वेळी मी घाई केली नाही. मग मी विचारलं, तुझ्या बायकोचं नाव काय. त्याने सांगितलं. मी म्हणून पाहिलं, चुकलं. त्याने पुन्हा सांगितलं. लहानच नाव होतं.

मधे मुलीचा आवाज आला. "मॅडम, तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

"वाढवा," मी म्हटलं आणि दुसरा कागद वर घेतला.