गोगलगाय आणि तापलेली गाडी

आमच्या मेकॅनिकला सगळे गोगलगाय म्हणतात, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नाही. तापलेली गाडी आली की दुसरे आधी पाना उचलतात. हा स्टूल उचलतो. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा इंजिन निवेपर्यंत शेजारी बसून राहतो.

एका सकाळी शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या मावशी आल्या. गाडी वाफा सोडत होती, मावशी उसासे.

"इंजिन गेलं म्हणतात, दादा. संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलंय." नवरा गेल्यापासून त्यांची चूल त्या गाडीवरच पेटत होती.

"ताप आलाय तिला, मावशी. तापानं कुणी लगेच मरत नाही. बसा."

इंजिन निवलं तेव्हा त्यानं रेडिएटरचं झाकण काढलं. कमी झालेलं पाणी भरलं. तेलाची कांडी पुसून पाहिली. तेलात पाणी उतरलेलं नव्हतं. मग गाडी सुरू केली. पाण्यात बुडबुडेही नाहीत, म्हणजे इंजिन आतून शाबूत. थोड्या वेळानं पंखा घरघरू लागला.

"पंखा नवाकोरा आहे हं," मावशी म्हणाल्या. "परवाच भावानं स्वतःच्या हातानं बसवला."

"भाऊ काय करतात?"

"शिंपी आहे. पण त्याला काहीही सांगा, जमतं."

"अस्सं!" म्हणत गोगलगायीनं खांद्यावरचा रुमाल गाडीच्या पुढच्या जाळीवर धरला आणि सोडला. वाऱ्याच्या ओढीनं तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उडाला आणि थेट मावशींच्या तोंडावर बसला.

"अगं बाई!"

"इंजिन ठणठणीत आहे, मावशी. भावानं पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्यात. आत ओढायचा वारा हा बाहेर फेकतोय."

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. हसू आधी आलं की रडू, त्यांनाही कळलं नसावं.

त्यानं तारा बदलल्या. या खेपेला रुमाल, पोर आईला बिलगावं तसा, जाळीला बिलगला. मावशींनी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. "येऊ नकोस रे बाबा. आता ती कुठं जात नाही."

मग गोगलगायीनं त्यांनाच गाडी चालवायला लावली आणि स्वतः शेजारी बसला. बाजारातली गर्दी झाली, टेकडीचा चढ झाला. तापमानाचा काटा मध्यावर गप्प उभा. मावशींची नजर मात्र त्या काट्यावरून हटेना.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "तो कुठं पळत नाही. तुम्ही रस्त्याकडं बघा."