चपला काढण्याआधी पूर्ण नाव

मेश्रामकाका स्वतःच्या बायकोला फोन करायचे तेव्हासुद्धा आधी पूर्ण नाव सांगायचे. कोपऱ्यावरच्या बूथमध्ये उभं राहून, ताठ मानेनं, "हॅलो, मी शामराव गणपत मेश्राम बोलतोय." पलीकडून काकू म्हणायच्या, "माहीत आहे हो. येताना कोथिंबीर आणा." आम्ही विदर्भातून नोकरीसाठी पुण्यात आलेली पोरंपोरी त्यांच्या मागे त्यांना 'पूर्णनावकाका' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला विचाराल तर ते त्यांना आवडतही होतं.

काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण उभी नोकरी पुण्यातल्या खांबांवर चढण्या-उतरण्यात गेली. पेठेतला कुठला खांब वाकडा आहे आणि कोथरूडच्या कुठल्या सोसायटीत गच्चीची किल्ली कुणाकडे असते, सगळं तोंडपाठ. ते निवृत्त झाले आणि नेमक्या त्याच सुमाराला हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या. आमच्याकडची शिकलेली मुलं रेल्वेनं, लक्झरीनं पुण्यात उतरायची. खिशात कंपनीचं पत्र असायचं, पण राहायचं कुठे याचा पत्ता नसायचा. काकांनी ते काम आपलं आपणच अंगावर घेतलं. दलाली नाही, चहासुद्धा नाही. वर आपल्याच घरी जेवू घालायचे.

माझे वडील तालुक्याच्या गावी शाळेत शिपाई होते. विहारातल्या कुणीतरी त्यांना काकांचा पत्ता दिला आणि मी एक पेटी, एक पिशवी घेऊन पुण्याला आले. रात्रभराच्या प्रवासानं डोकं भणभणत होतं. फलाटावर पांढऱ्या शर्टातले, खिशाला स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेले एक काटकुळे गृहस्थ समोर आले. "जयभीम. मी शामराव गणपत मेश्राम. तू?"

"सुजाता."

"पुढं?"

मी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हटलं, "गजभिये."

"एवढ्या हळू काऊन? चोरून आणलंस का नाव?"

असा संताप आला मला! ओळख ना पाळख, आणि माणूस भर स्टेशनात टोमणे मारतो. पेटी मात्र त्यांनी तोवर खांद्यावर घेतली होती, म्हणून निमूट मागे गेले.

बोपोडीच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत छतापर्यंत गाद्यांची चळत. मुली आतल्या खोलीत काकूंजवळ, मुलगे बाहेर काकांजवळ. नियम एकच, पंधरा दिवस. तेवढ्यात खोली शोधायची आणि जायचं. सोळाव्या दिवशी कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही. दुसरा नियम जाताना कळायचा. आपलं बिऱ्हाड थाटलं की एक गादी जास्तीची करायची आणि पुढच्या नवख्या पोराला पंधरा दिवस द्यायची. काकांची फी म्हणाल तर एवढीच.

खोली शोधायची त्यांची रीत वेगळी होती. आधी वस्ती बघायची, मग घर. बसमधून उतरलं की काका वर बघायचे, खांबाकडे. "ज्या बिल्डिंगला वायरी जास्त, तिथं बाहेरगावची माणसं जास्त. त्यांना घरी बोलायचं असतं ना!" मग पिठाची गिरणी गाठायची. दळण असो नसो, तिथं दहा मिनिटं उभं राहायचं. पाणी कुठल्या गल्लीत येत नाही, कुठला मालक दर सहा महिन्यांनी भाडेकरू बदलतो, सगळं तिथल्या रांगेत कळायचं. संध्याकाळी साडेसातला ते मला एकटीला स्टॉपवरून चालत यायला लावायचे आणि स्वतः पलीकडच्या फुटपाथवरून यायचे. वाटेत एक जरी दिवा बंद असला तरी ती गल्ली बाद. परवडणाऱ्या भाड्याच्या नादात मी दोनदा हुज्जत घातली. "भाडं स्वस्त आहे ना काका!" तर म्हणे, "आणि तू? तू स्वस्त आहेस का?" झालं, निघालो पुढच्या गल्लीला.

आणि सगळ्यात मोठी शिस्त दारातली. दार उघडलं की चपला काढायच्या आधी पूर्ण नाव सांगायचं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मी म्हटलं, काका, आधी घर तर बघू, गोडीगुलाबीनं बोलू, नाव मग सांगू की. ते म्हणाले, "ज्याला नाही म्हणायचं आहे त्याला चपला काढायच्या आधीच म्हणू दे. आत बसून, पाणी पिऊन, मग उठून परत चपला घालताना फार लागतं गं पोरी. मी घातल्यात."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

सदाशिव पेठेत एका दारावर पाटी होती, 'नोकरी करणाऱ्या मुलीस खोली भाड्याने देणे आहे. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.' आम्ही बरोबर सव्वाचारला बेल वाजवली. मालकांनी दार अर्धं उघडलं. मी ताठ उभी राहून म्हटलं, "मी सुजाता नामदेव गजभिये."

मालकांनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "खोली कालच गेली."

"अस्सं," काका म्हणाले. "मग पाटी काढून देऊ का आपल्याला? मी लाइनमन आहे, स्क्रू-ड्रायव्हर जवळच असतो."

"आमची पाटी आम्ही काढू," म्हणत दार बंद झालं. जिना उतरताना मी रडकुंडीला आले होते आणि काका मात्र मिशीत हसत होते. "आठवडाभर आता ती पाटी बघून त्यांना मी आठवणार," म्हणाले.

असे अकरा दिवस गेले. सगळेच तोंडावर नाही म्हणायचे असं नाही. कुणी भाडं एकदम वाढवून सांगायचं, कुणाची मुलगी अचानक माहेरी येणार असायची. कोथरूडच्या एक बाई तर "बघून सांगते" म्हणाल्या आणि फोन नंबरही विचारला नाही. माझं ट्रेनिंग सुरू झालं होतं. बोपोडीहून दोन बस बदलून हिंजवडीच्या गाडीला पोचायचं, परत यायचं, परत दारं. बाराव्या दिवशी माझा धीर सुटला. मी काकांना न सांगता एकटीच कोथरूडला गेले, एका सोसायटीत बेल वाजवली आणि म्हटलं, "मी सुजाता नागपूरकर."

अहो, काय सांगू! दार पूर्ण उघडलं. सरबत आलं. खोली हवेशीर, खिडकीशी गुलमोहर, कंपनीची बस कोपऱ्यावर. मालकीणबाई म्हणाल्या, "परवा सामान घेऊन या." मी जवळजवळ उडतच बोपोडीला आले. काकूंनी माझ्या तोंडात साखर घातली. काका खुर्चीत बसून वायर सोलत होते. मी सगळं सांगितलं, नावाचंही सांगितलं, जरा हसत सांगितलं. मला वाटलं आता तोफ सुटणार.

काका ओरडले नाहीत. सोललेली वायर त्यांनी खाली ठेवली आणि विचारलं, "बाबांना कळवलंस ना? आता पाकिटावर कुठलं नाव घालायचं ते?"

वडील दर आठवड्याला पत्र लिहायचे. शाळेतल्या शाईनं, एकेक अक्षर कोरून, 'कु. सुजाता नामदेव गजभिये' असं पाकिटावर लिहायचे. मला नोकरी लागली तेव्हा कंपनीच्या पत्रावरचं ते नाव त्यांनी हेडमास्तरांपासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना दाखवलं होतं. आता त्यांना मी काय कळवणार होते? की बाबा, तुमचं नाव इथे चालत नाही, नागपूरकर लिहा?

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी एकटीच परत कोथरूडला गेले. दारातच उभी राहिले, चपला काढल्या नाहीत. खरं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "नावाचा प्रश्न नाही हो. पण तुम्ही खोटं बोललात. खोटं बोलणाऱ्या माणसाला आम्ही जागा देत नाही."

हे काकांना सांगितलं तर ते कडू हसले. "घे! नाही म्हणायला तूच त्यांना चांगलं कारण नेऊन दिलंस." आणि मग, पहिल्यांदाच, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पण परत गेलीस. एकटी गेलीस. हे काही कमी नाही." मला तेव्हा खोलीचं दुःख उरलंच नाही. कधी नव्हे ते स्वतःविषयी छान वाटत होतं.

चौदाव्या दिवशी आम्ही सांगवीला गेलो. तेव्हा तिथं एका बाजूला शेतं आणि दुसऱ्या बाजूला नवी घरं असा प्रकार होता. वायरी भरपूर, गिरणी चालू, दिवे लागलेले. एका बैठ्या घराच्या अंगणात मालकीणबाई म्हशीपुढं वैरण टाकत होत्या. मी एका दमात सांगितलं, "मी सुजाता नामदेव गजभिये, खोली बघायला आले आहे."

त्या हात झटकत म्हणाल्या, "नावाचं मी काय करू बाई? पानी सकाळी पाचला येतंय. उठनार हाईस का?"

मी म्हटलं, "उठेन."

"मग ये की. चपला हितंच काढ."

काकांनी मान वळवून डोळे पुसले. धूळ गेली म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं रंगवलेली लाकडी पाटी घेऊन आले आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून माझ्या दारावर बसवून गेले. 'सुजाता नामदेव गजभिये.' अक्षरं जरा तिरकी होती. त्या आठवड्यात बाबांचं पत्र सांगवीच्या पत्त्यावर आलं, तेव्हा पोस्टमननं पाटी वाचली, पाकीट वाचलं आणि विचारपूस न करता माझ्या हातात ठेवलं.

मी पहिल्या पगारात गादी केली. जास्तीची. नंतर सांगवीतून वाकडला आले, कर्ज काढून फ्लॅट घेतला, दारावर तीच तिरकी पाटी लावली. गोंदियाच्या, वर्ध्याच्या, चंद्रपूरच्या कितीतरी मुली त्या गादीवर पंधरा-पंधरा दिवस झोपून गेल्या. त्यांना मी गिरणी दाखवली, खांब दाखवले. मोबाइल आले, खांबांवरच्या वायरी कमी झाल्या, घरं संगणकावर बघायची सोय झाली. तरी दारातलं नाव सांगायचं राहिलंच होतं.

मग एके दिवशी बोपोडीची चाळ बिल्डरला दिल्याचं कळलं. काकू लेकीकडे भंडाऱ्याला गेल्या. काका जायला तयार नव्हते. "पोरं यायची थांबली आहेत का?" म्हणत पुण्यातच राहिले. मी फोन केला की "चाललंय, बघतोय" एवढंच सांगायचे. महिनाभर ते स्वतःसाठी खोली शोधत होते, हे मला फार उशिरा कळलं. एकटा म्हातारा भाडेकरू कुणाला नको होता, आणि काका तर प्रत्येक दारात पहिल्या वाक्याला पूर्ण नाव सांगत होते. आम्हा इतक्या मुलांना त्यांनी या शहरात बसवलं, पण एकालाही त्यांनी एका शब्दानं कळू दिलं नाही.

एका रविवारी सकाळी माझी बेल वाजली. दारात काका. खांद्यावर पेटी, पांढरा शर्ट, खिशाला स्क्रू-ड्रायव्हर. आधी त्यांनी पाटीकडे बघितलं, एक स्क्रू हलतोय का ते बोटानं तपासलं. मी "काका!" म्हणून पेटी घ्यायला पुढं झाले, तर त्यांनी हातानं थांबवलं. चपला पायातच होत्या. ते ताठ उभे राहिले.

"मी शामराव गणपत मेश्राम. पंधरा दिवसांपुरती गादी मिळेल का?"

या माणसानं माझ्या दारातही सवलत मागितली नव्हती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, आणि खरं सांगते, ते माझ्या दाराशी आले म्हणून माझाही वाटला. रडले असते तर त्यांना मुळीच आवडलं नसतं. म्हणून मी दारातच कमरेवर हात ठेवून विचारलं, "पाणी सकाळी सहाला येतं. उठणार का?"

काका मिशीत हसले. मग खाली वाकून, सावकाश, त्यांनी चपला काढल्या.